शून्य नोंदींचा पुरावा

मराठी विभागांकडे सादर होणाऱ्या प्रबंधांच्या पहिल्या प्रकरणात एक वाक्य हमखास भेटते : ‘प्रस्तुत विषयावर यापूर्वी संशोधन झालेले आढळत नाही.’ या वाक्याची रचना लक्षात घेण्याजोगी आहे. ‘झालेले नाही’ असे म्हणण्याचे धाडस संशोधक करीत नाही. ‘आढळत नाही’ असे म्हणतो. पण कोणाला आढळत नाही, कोठे आणि कोणत्या शब्दांनी शोधले असता आढळत नाही, हे तो सांगत नाही. आणि मार्गदर्शक, परीक्षक किंवा मौखिक परीक्षेला जमलेली मंडळी त्याला ते विचारीत नाहीत. कर्ता लपविणाऱ्या या वाक्यावर आपल्याकडे पदव्या दिल्या जातात. पूर्वी या वाक्यामागे निदान संशोधकाची पायपीट असे. आता ग्रंथालयाच्या डेटाबेसच्या पडद्यावर उमटलेला ‘शून्य नोंदी’ हा शेरा त्याच्या पाठीशी उभा असतो, आणि तो यंत्राने दिलेला असल्यामुळे अधिकच निर्विवाद मानला जातो. या शेऱ्याला पुराव्याचा दर्जा देण्याची जी रीत रूढ झाली आहे तिला प्रस्तुत लेखकाचा विरोध आहे.

निमित्त घडले ते असे. माझ्या अध्यापनाचा भाग महाड-पोलादपूरचा. पोलादपूर तालुक्यातील एका गावातून येऊन एम. ए. झालेल्या एका विद्यार्थिनीने पीएच. डी.साठी या दोन तालुक्यांतील वाङ्मयव्यवहार हा विषय सुचविला. संशोधन समितीच्या बैठकीत एका ज्येष्ठ सदस्यांनी समोरच्या संगणकावर ‘महाड साहित्य’ हे दोन शब्द देवनागरीत टंकित केले. निष्कर्ष शून्य आला. ‘सामग्री उपलब्ध नाही, विषय बदलावा’ असा शेरा पडला. या सर्व प्रकाराला दोन मिनिटेही लागली नसावीत. ती विद्यार्थिनी आता एका प्रथितयश कादंबरीकाराच्या स्त्री-व्यक्तिरेखांवर काम करते. त्या विषयावर नोंदी भरपूर निघतात.

त्या दोन शब्दांनी यंत्राला नेमके काय विचारले होते, ते पाहू. ज्या नोंदीत ‘महाड’ हा शब्द याच अक्षररूपात आहे आणि त्याच नोंदीत ‘साहित्य’ हाही शब्द आहे, अशा नोंदी दाखव, इतकेच. ग्रंथालयीन डेटाबेसमध्ये ग्रंथ नसतो, ग्रंथाची नोंद असते : लेखक, शीर्षक, प्रकाशक, वर्ष, भाषा आणि कोणीतरी ठरवलेली चारदोन विषयशीर्षके. ग्रंथाच्या पोटात काय आहे ते सहसा या नोंदीत उतरत नाही. त्यातून आपल्याकडील आणि परदेशांतील अनेक तालिकांत मराठी ग्रंथांच्या नोंदी रोमन लिपीत आहेत. तेथे देवनागरी प्रश्नाला उत्तर मिळणार तरी कसे? रोमनमध्ये विचारावे, तर रोमनही एक नाही. अमेरिकेच्या काँग्रेस ग्रंथालयाच्या लिप्यंतरपद्धतीत ‘च’साठी एकटे ‘सी’ हे अक्षर येते, ‘सीएच’ ही जोडी ‘छ’साठी राखलेली असते, आणि उच्चारात आपण गाळतो तो शब्दान्तीचा ‘अ’ तेथे लिहिला जातो. म्हणजे ‘चवदार तळे’मधील ‘चवदार’ तेथे ‘सी’ने सुरू होऊन ‘ए’वर संपतो. वृत्तपत्री इंग्रजी रूप घालणाऱ्याला तेथे शून्यच मिळेल, आणि त्या शून्याचा महाडच्या तळ्याशी काडीचाही संबंध नसेल.

लिपीचा अडथळा ओलांडला तरी पुढे शुद्धलेखन उभे आहे. मराठी साहित्य महामंडळाचे नवे लेखननियम १९६२ साली शासनमान्य झाले आणि अनुच्चारित अनुस्वार गेला. त्यापूर्वीच्या मुद्रणात ‘तळें’, ‘महाडचें’, ‘कांहीं’ अशी रूपे आहेत. नोंदणाऱ्याने मुखपृष्ठावरील शीर्षक जसेच्या तसे उतरवले असेल (आणि ते तसेच उतरवायला हवे), तर अनुस्वाराविना केलेली पृच्छा १९६२ पूर्वीचे मुद्रण वगळण्याची भीती असते. म्हणजे सत्याग्रहाचा सारा समकाल वगळला जातो आणि नंतरची स्मरणे तेवढी उरतात. मग त्यावरून ‘महाडचे वाङ्मयीन पडसाद उत्तरकालीन आहेत’ असा सिद्धांत मांडायला वेळ लागत नाही. अर्धा ‘र’ ही आणखी एक गंमत. ‘सावित्रीच्या खोऱ्यातील’ या शब्दांतला तो ‘र’ संगणकात दोन वेगळ्या संकेतक्रमांनी नोंदता येतो. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात. ज्या यंत्रणेत या दोहोंची सांगड घातलेली नाही तिला ते दोन निराळे शब्द वाटतात.

याहून मूलभूत प्रश्न सामान्यरूपाचा आहे. शब्दाचा आरंभ देऊन पुढे तारकाचिन्ह टाकले की त्या आरंभाचे सर्व शब्द मिळतात, ही सोय बहुतेक डेटाबेसांत असते. ती इंग्रजीसाठी कल्पिलेली आहे. मराठीत विभक्तिप्रत्ययापूर्वी शब्द स्वतःच बदलतो. ‘पोलादपूर’ला प्रत्यय लागताच ‘पू’ ऱ्हस्व होऊन ‘पोलादपुरातील’ असे रूप होते. तेव्हा तारका ‘पोलादपूर’नंतर टाकून उपयोग नाही, ‘पोलादप’नंतर टाकावी लागते. ‘तळे’चे ‘तळ्याचा’ होते. तेथे ‘तळ’पाशी थांबावे, तर ‘तळमळ’, ‘तळागाळातील’ आणि ‘तळकोकण’ही येऊन दाखल होतात. मग ‘तळे’, ‘तळें’, ‘तळ्या’ ही रूपे ‘किंवा’ या अर्थाच्या जोडशब्दाने एकत्र बांधून विचारणे आले. हे ज्ञान कोठले? हे संगणकशास्त्र नव्हे. दामले यांच्या व्याकरणाची परंपरा ज्या विभागात शिकवली जाते, अनुस्वाराच्या इतिहासावर ज्या विभागात प्रश्नपत्रिका निघतात, त्याच विभागाचे हे ज्ञान आहे. आणि नेमका तोच विभाग म्हणतो, ‘शोधणे हे ग्रंथपालाचे काम.’

स्थलनामांचे पाहा. आज आपण रायगड जिल्हा म्हणतो; १ जानेवारी १९८१ पूर्वी तो कुलाबा जिल्हा होता. ‘रायगड’ घातले की किल्ला, राज्याभिषेक आणि, रोमन रूपांच्या सैलपणामुळे, छत्तीसगडातील रायगढही येतो. ‘कुलाबा’ घातले की मुंबईचे दक्षिण टोक येते. ब्रिटिश काळातील इंग्रजी कागदपत्रांत महाडचे रोमन रूपही आजचे नव्हे. पोलादपूर हा तर पूर्वी महाड तालुक्यातलाच पेटा होता. त्यामुळे तेथील गावांचे जुने उल्लेख पोलादपूरच्या नावाखाली शोधणे म्हणजे मुलाच्या नावाने आजोबांचा दाखला मागण्यासारखे आहे.

आता समितीच्या शून्याच्या आत काय काय बुडाले होते ते थोडे तपशिलाने सांगितले पाहिजे.

गोपाळबाबा वलंगकर हे महाडजवळच्या रावढळचे. लष्करातून निवृत्त झाल्यावर त्यांनी केलेले लेखन आणि १८८८ साली निघालेली त्यांची पुस्तिका यांना वगळून दलित साहित्याच्या पूर्वपरंपरेचा विचार होऊ शकत नाही, हे आज सर्वमान्य आहे. पण ही पुस्तिका शोधायची कशी? तिचे नाव कोणी ‘विटाळ विध्वंसन’ देतो, कोणी ‘विटाळ विध्वंसक’. लेखकाचे आडनाव कोठे ‘वलंगकर’, कोठे ‘वळंगकर’. नाव कोठे ‘गोपाळबाबा’ असे सलग, कोठे ‘बाबा’ वेगळे. अनेक जुन्या याद्यांत भारतीय लेखक आडनावाखाली नव्हे, तर स्वतःच्या नावाखाली लावलेले असतात. आणि वर्गीकरणात ही पुस्तिका ‘साहित्य’ या वर्गात येणारच नाही. ती जातिव्यवस्था, समाजसुधारणा किंवा धर्म यांत जाईल. ड्यूई दशांश पद्धतीतील ८९१.४६ हा मराठी साहित्याचा क्रमांक. आमचे संशोधक त्याच कपाटापुढे उभे राहून साहित्याची कक्षा रुंदावण्याच्या घोषणा करतात. ती कक्षा तालिकेत आखून ठेवलेली आहे आणि आपण तिच्या आतच उभे आहोत, याचे भान त्यांना नसते.

पोलादपुरात कवींद्र परमानंदांची समाधी दाखवली जाते. त्यांचे ‘शिवभारत’ स. म. दिवेकरांनी संपादित करून १९२७ साली, म्हणजे चवदार तळ्याच्या सत्याग्रहाच्याच वर्षी, पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळातर्फे प्रसिद्ध केले. काव्य संस्कृत आहे, सोबत मराठी अनुवाद आहे. डेटाबेसमध्ये भाषेच्या रकान्यात ‘मराठी’ निवडले की हा ग्रंथ गळण्याची शक्यता मोठी. ‘शिवभारत’ आणि ‘श्रीशिवभारत’ ही दोन शीर्षके. शिवाय ‘अनुपुराण’ हे तिसरे नाव. लेखक कोठे ‘कवींद्र’खाली, कोठे ‘परमानंद’खाली, कोठे ‘नेवासकर’. २००१ साली निघालेल्या इंग्रजी भाषांतराचे नाव पुन्हा निराळे. मराठीच्या अभ्यासकाने भाषेची चाळणी लावण्यापूर्वी ‘मराठी वाङ्मयाची भाषा कोणती’ हा प्रश्न स्वतःला विचारला पाहिजे. तो प्रश्न यंत्र विचारीत नाही; चाळणी मात्र लावते.

तिसरे उदाहरण आर. बी. मोरे यांचे. महाडची परिषद भरवण्याच्या प्रयत्नांत अग्रभागी असलेले दासगावचे हे कार्यकर्ते पुढे कम्युनिस्ट झाले. त्यांच्या आठवणींवर आधारलेले मराठी पुस्तक २००३ साली निघाले, त्याचा इंग्रजी अवतार २०१९ साली आला. दोहोंच्याही शीर्षकात ‘महाड’ हा शब्द नाही. विषयशीर्षकांत कम्युनिस्ट पक्ष, मुंबईतील कामगार चळवळ असेच शब्द येण्याचा संभव अधिक. म्हणजे महाड परिसराचे आतून केलेले इतके जिवंत निवेदन ‘महाड साहित्य’ या पृच्छेला कधीच सापडणार नाही. आनंद तेलतुंबडे यांच्या २०१६ सालच्या इंग्रजी ग्रंथाच्या शीर्षकात महाड आहे, पण तो ‘साहित्य’ नव्हे. तळ्याच्या खटल्याचा उच्च न्यायालयाचा १७ मार्च १९३७चा निकाल तर कायद्याच्या डेटाबेसमध्ये, पक्षकारांच्या नावाने. वाङ्मयाच्या अभ्यासकाला तिकडे जाण्याचे कारण काय, असे विचारणाऱ्यांनी ‘तळ्याच्या पाण्याची शुद्धता’ ही कल्पना त्या निकालात कोणकोणत्या भाषिक रूपांत वावरते ते एकदा पाहावे.

मराठी समीक्षेचे खरे साहित्य ग्रंथांत नाही, नियतकालिकांत आहे. आणि डेटाबेसचे सर्वांत मोठे मौन येथेच आहे. ३ एप्रिल १९२७ रोजी, सत्याग्रहानंतर दोनच आठवड्यांनी, ‘बहिष्कृत भारत’ सुरू झाले. १९९० साली महाराष्ट्र शासनाने वसंत मून यांच्या संपादनाखाली ‘बहिष्कृत भारत’ आणि ‘मूकनायक’ एकत्र ग्रंथरूपाने काढले. तालिकेत या ग्रंथाची नोंद एकच असते. आतील अग्रलेख, वृत्तांत, पत्रे यांतील एकेक मजकूर स्वतंत्र नोंदीला पात्र असूनही तो मुखपृष्ठाच्या आड राहतो. ‘अस्मितादर्श’, ‘सत्यकथा’, ‘नवभारत’ यांच्या अंकांची हीच कथा : नियतकालिकाचे नाव मिळते, लेख मिळत नाही. इंग्रजी वाङ्मयाच्या विद्यार्थ्याला लेखनिहाय सूचींचे डेटाबेस हाताशी असतात. महाविद्यालयांसाठी २०१० पासून सुरू असलेल्या ‘एन-लिस्ट’ योजनेतून आम्हाला मिळणारी नियतकालिकेही मुख्यतः इंग्रजीच. त्यात ‘महाड’ शोधून काही न मिळणे हा महाडचा दोष नव्हे.

आणि ‘शोधगंगा’? २००९च्या विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नियमांनंतर प्रबंध तेथे जमा होऊ लागले, हे मोठे काम झाले, यात शंका नाही. परंतु मराठी प्रबंधांची शीर्षके तेथे कधी देवनागरीत, कधी रोमनमध्ये, कधी इंग्रजीत भाषांतरित होऊन आलेली दिसतात. अनेक प्रबंध जुन्या, युनिकोडपूर्व टंकांत अक्षरजुळणी केलेले. असा प्रबंध पडद्यावर देवनागरी दिसतो, पण आत रोमन चिन्हांचा निरर्थक गठ्ठा असतो. त्यातील मराठी शब्द यंत्राला वाचताच येत नाही. काही तर केवळ पानांची छायाचित्रे. म्हणजे ‘आढळत नाही’ म्हणणाऱ्याचा स्वतःचाच प्रबंध उद्या दुसऱ्याला आढळणार नाही, अशी तजवीज तो टंकनिवडीच्या वेळीच करून ठेवतो!

येथे दोन आक्षेप येतील याची मला कल्पना आहे. पहिला आमच्या सिद्धांतप्रेमी मित्रांचा. शोध ही तांत्रिक, कारकुनी बाब. समीक्षेचे काम अर्थनिर्णयनाचे. हे मित्र फूकोच्या आधारे अभिलेखागार आणि सत्ता यांच्या संबंधावर उत्तम निबंध वाचतात. देरिदांची अभिलेखज्वराची मीमांसा त्यांना मुखोद्गत असते. पण स्वतः ज्या पडद्यापुढे बसून हे निबंध लिहितात त्या पडद्यावर कोणता रकाना निवडला आहे, भाषेची आणि वर्षांची चाळणी आधीच लागलेली आहे काय, हे ते पाहत नाहीत. सत्ता रकान्यात बसलेली असते. आणि ती प्रथम तेथेच वाचली पाहिजे. कोणते शब्द घालायचे हे ठरविणे हाच अर्थनिर्णयनाचा पहिला टप्पा आहे. ‘अस्पृश्यता’, ‘बहिष्कृत’, ‘दलित’, ‘हरिजन’, ‘डिप्रेस्ड क्लासेस’ या शब्दांपैकी कोणता शब्द कोणत्या दशकात कोण वापरीत होते, हे माहीत नसणारा डेटाबेसपुढे मुका आहे. आणि हे माहीत असणे म्हणजे वाङ्मयेतिहास माहीत असणे.

दुसरा आक्षेप देशीवादाच्या सोयीस्कर वाचनातून येतो. या सर्व रोमन तालिका वसाहतवादी ज्ञानव्यवहाराची पिल्ले. आपण त्यांच्या नादी का लागावे? युक्तिवाद ऐकायला बरा वाटतो. परंतु १८६७च्या पुस्तकनोंदणी कायद्यानंतर मुंबई इलाख्यात निघू लागलेल्या तिमाही याद्या वसाहतवादी होत्या म्हणूनच पुण्या-मुंबईच्या अभिजनांना नगण्य वाटणाऱ्या पुस्तिकाही मुद्रक, किंमत आणि प्रतींच्या संख्येसह नोंदून ठेवण्याचा त्यांचा दंडक होता. सरकारला संशय होता; संशयाने निदान नोंद तरी केली. ब्लूमहार्टने १८९२ साली ब्रिटिश म्युझियममधील मराठी-गुजराती मुद्रितांची तालिका केली. तिच्याकडे पाठ फिरवून देशीपण सिद्ध होत नाही. उलट आपले देशी काम कोणते? शंकर गणेश दाते यांची ‘मराठी ग्रंथसूची’. पहिला खंड १९४३चा, १८०० ते १९३७ या काळातील ग्रंथांचा. दुसरा १९६१चा, १९३८ ते १९५०चा. ग्रंथालये धुंडाळून उभारलेले, विषयवार मांडणीचे हे काम. विषयवार सूचीत एक शोधताना शेजारचे दुसरे दिसते. पृच्छेच्या चौकटीत ते दिसत नाही. देशीवादाचा जप करणाऱ्या किती विभागांत दाते यांचे खंड विद्यार्थ्यांच्या हातात दिले जातात? माझ्या पाहण्यात ते बहुधा कुलूपबंद संदर्भकपाटात असतात. किल्ली कोणाकडे आहे हेही एक संशोधनच.

मी स्वतः या दोषातून मुक्त नाही, हे कबूल करणे प्राप्त आहे. माझ्या प्रबंधाच्या नवव्या पृष्ठावर ते वाक्य आहे : ‘आढळत नाही’. पदवी मिळाल्यावर सहा वर्षांनी, कोकणातल्या एका छोट्या वाचनालयात, बांधीव अंकांच्या गठ्ठ्यात माझ्याच विषयावरचा चौदा पानी लेख मला मिळाला. माझ्या जन्मापूर्वी लिहिलेला. त्यात माझे दोन निष्कर्ष होते, आणि तिसऱ्या निष्कर्षाचे खंडनही होते. त्या संध्याकाळी घरी परतताना मला जे वाटले त्याला लाज म्हणतात.

म्हणून माझी मागणी अगदी मर्यादित आहे. ‘आढळत नाही’ हे वाक्य लिहिण्याला बंदी नको; पण ते लिहिणाऱ्याने त्याच प्रकरणात आपला शोध जसा झाला तसा मांडावा : कोणते डेटाबेस, कोणत्या छापील सूची, कोणत्या तारखेला पाहिल्या; कोणते शब्द, कोणत्या लिपीत आणि कोणत्या शुद्धलेखनात घातले; कोणत्या चाळण्या लावल्या; शून्य आल्यावर कोणता शब्द बदलला; आणि यंत्र संपल्यावर कोणत्या ग्रंथालयांत प्रत्यक्ष गेला. पाठभेद देताना आपण कोणती पोथी कोठे पाहिली ते सांगतोच. संहिताचिकित्सेची ही शिस्त नकारात्मक विधानाला का लावू नये? आणि प्रबंध नाकारणाऱ्या समितीलाही हाच नियम लागू असावा. ‘सामग्री उपलब्ध नाही’ हेही एक संशोधनात्मक विधान आहे. त्याचाही पुरावा द्यावा लागतो.

हा वाद केवळ पद्धतिशास्त्राचा असता तर मी इतका आवाज चढवला नसता. जुलै २०२१ मध्ये सावित्री आणि गांधारीचे पाणी महाडात शिरले. त्याच पावसात तळीये गावावर दरड कोसळली. माणसे गेली, तेथे कागदाचे दुःख कोण करणार? पण पाणी ओसरल्यावर रस्त्यांच्या कडेला चिखलाने जडावलेल्या वह्या आणि अंकांचे ढीग आम्ही पाहिले. त्यांत भजनी मंडळांच्या वह्या होत्या, जलशांची पदे होती, स्मरणिका होत्या. यांपैकी कशाचीही कोणत्याही डेटाबेसमध्ये नोंद नव्हती. म्हणजे समितीच्या व्याख्येनुसार ते नष्ट होण्यापूर्वीही नव्हतेच. त्या विद्यार्थिनीच्या आजोबांच्या घरी अशीच एक पत्र्याची पेटी आहे. घर डोंगरउतारावर असल्यामुळे ती वाचली. तिच्यात १९६२ पूर्वीच्या शुद्धलेखनातली पदे आहेत, तळ्याला ‘तळें’ म्हणणारी. तिने ती यादी करून मला दाखवली आहे.

ती यादी, आणि महाड व पोलादपूर या नावांची आम्ही दोघांनी मिळून काढलेली लेखनरूपे, मी समितीकडे पाठवली आहेत. सोबतच्या पत्रात एवढेच विचारले आहे की, ‘सामग्री उपलब्ध नाही’ हा शेरा कोणत्या डेटाबेसमध्ये, कोणते शब्द घालून, कोणत्या तारखेला केलेल्या शोधावर आधारलेला होता, ते लेखी कळवावे. पोचपावती आली आहे.